दुशान हानाकचे चित्रपट पहिल्यांदा पाहताना: दोन तारखांची वही

दुशान हानाक या स्लोव्हाक दिग्दर्शकाने 1969 ते 1995 या काळात पूर्ण लांबीचे सातच चित्रपट केले. सव्वीस वर्षांत सात. दर रविवारी एक पाहिला तरी दीड-दोन महिन्यांत एका मोठ्या दिग्दर्शकाचं जवळजवळ सगळं काम तुमच्या डोळ्यांखालून जातं. युरोपातल्या फार थोड्या दिग्दर्शकांबाबत असं म्हणता येईल. म्हणूनच मध्य युरोपचा सिनेमा कधीच न पाहिलेल्या माणसाला मी हानाकपासून सुरुवात करायला सांगते.

पण सात चित्रपट आहेत म्हणून कुठूनही सुरू करून चालत नाही. मी स्वतः पहिल्या चित्रपटापासून, म्हणजे '322' पासून सुरुवात केली. त्यातला माणूस कोण, तो कशाबद्दल अपराधी आहे, मधेच ही दृश्यं का येतात, काही लागेना. चित्रपट अर्धवट सोडला आणि पुढे दोन वर्षं हानाकच्या वाटेला गेले नाही. ती दोन वर्षं वाया गेल्याची हळहळ अजून आहे. तुमची जाऊ नयेत म्हणून हा क्रम लिहिते आहे.

आधी एक वही घ्या

वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. एका रकान्यावर लिहा 'बनला', दुसऱ्यावर 'दिसला'. हानाकची कारकीर्द समजून घेण्याचं याहून सोपं साधन मला सापडलेलं नाही. बहुतेक दिग्दर्शकांच्या बाबतीत या दोन तारखा एकाच वर्षात किंवा पाठोपाठच्या वर्षांत पडतात. इथे एक चित्रपट 1972 मध्ये तयार झाला आणि 1988 मध्ये मोकळा झाला. सोळा वर्षं. त्या वर्षी जन्मलेलं मूल शाळा संपवत आलं होतं.

याचं कारण थोडक्यात माहीत हवं. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात सगळे स्टुडिओ सरकारचे होते. 1960 च्या दशकात तिथल्या कम्युनिस्ट राजवटीची पकड जरा सैल झाली, आणि प्राग व ब्रातिस्लाव्हा या दोन्ही शहरांत तरुण दिग्दर्शकांची एक पिढी उभी राहिली. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे देशात घुसले. त्यानंतरच्या काळाला सरकारी भाषेत 'नॉर्मलायझेशन' म्हणत, म्हणजे सगळं पुन्हा 'सुरळीत' करणं. यात अनेक चित्रपट जाळले नाहीत, फाडले नाहीत. फक्त कुलूपबंद केले. स्लोव्हाकमध्ये त्यांना आजही तिजोरीतले चित्रपट म्हणतात. नोव्हेंबर 1989 मध्ये ती राजवट कोसळली, आणि 1 जानेवारी 1993 रोजी स्लोव्हाकिया स्वतंत्र देश झाला.

सुरुवातीला एवढा इतिहास पुरे. याहून जास्त वाचून बसलात तर पडद्यावर माणसं दिसायच्या ऐवजी राजकारणच दिसायला लागेल, आणि हानाक हा मुळात चेहऱ्यांचा दिग्दर्शक आहे.

नावं कशी वाचायची, चित्रपट कसे शोधायचे

स्लोव्हाक लिपी रोमन असली तरी अक्षरांवर टोप्या आणि तिरक्या रेघा असतात. शोधताना त्या गाळल्या तरी चालतं. नाव उच्चारताना मात्र मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. आपल्याकडे 'चांगला'तला च वेगळा आणि 'चार'मधला च वेगळा. स्लोव्हाकमध्येही हे दोन च आहेत आणि त्यांच्यासाठी वेगवेगळी अक्षरं आहेत: नुसता 'सी' म्हणजे 'चांगला'तला च, आणि टोपीवाला 'सी' म्हणजे 'चार'मधला. इंग्रजीच्या सवयीने 'सी' दिसला की लोक क म्हणून मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर, म्हणून 'हानाक' म्हणताना 'हा'वर जोर द्या.

प्रती मिळवायच्या तर ब्रातिस्लाव्हातल्या स्लोव्हाक फिल्म इन्स्टिट्यूटचं नाव लक्षात ठेवा. 1963 मध्ये सुरू झालेली ही संस्था देशाचा चित्रपटसंग्रह सांभाळते, जुन्या रिळांचं डिजिटल रूप तयार करते आणि डीव्हीडीही काढते. यातल्या पुष्कळ प्रतींवर इंग्रजी उपशीर्षकं असतात. कधी त्या शहरात गेलातच तर संस्थेचं स्वतःचं चित्रपटगृह आहे, किनो ल्युमिएर. तिथे जुने स्लोव्हाक चित्रपट नियमित लागतात. इथे असाल तर पुणे, मुंबई आणि गोव्याच्या महोत्सवांच्या वेळापत्रकात मध्य युरोपचं आणि पुनरावलोकनाचं पान आधी उघडा.

फोनवर पाहू नका, एवढी कळकळीची विनंती. निम्म्याहून अधिक गोष्ट सुरकुत्यांमध्ये आहे आणि फोनच्या पडद्यावर सुरकुती दिसत नाही.

पहिला चित्रपट: 'ओब्राझी स्तारेहो स्व्हेता'

नावाचा अर्थ 'जुन्या जगाची चित्रं'. वर्ष 1972. कृष्णधवल माहितीपट, सव्वा तासाच्या आतबाहेरचा. सुरुवात इथूनच करा, कारण याला कुठल्याही पार्श्वभूमीची गरज नाही. म्हाताऱ्या माणसाकडे टक लावून पाहण्याचा धीर मात्र हवा.

मार्टिन मार्तिन्चेक नावाच्या छायाचित्रकाराने उत्तर स्लोव्हाकियातल्या लिप्तोव्ह भागात डोंगरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढली होती. मार्तिन्चेक मूळचा वकिलीचं शिक्षण घेतलेला माणूस. त्याच्या छायाचित्रांवरून हानाकला हा चित्रपट सुचला आणि लिप्तोव्ह व ओराव्हाच्या खेड्यांत जाऊन त्याने तशाच माणसांना बोलतं केलं. चित्रपटात हलती दृश्यं आणि स्थिर छायाचित्रं एकमेकांत मिसळलेली आहेत. एखादा चेहरा बोलता बोलता थिजतो, आणि आपण बोलण्याच्या ओघात जे पाहिलं नव्हतं ते दिसू लागतं: कपाळावरची आठी, हाताच्या पेरांतली माती, डोळ्यांतलं पाणी.

पहिली दहा मिनिटं उपशीर्षकं बंद ठेवून पाहा. भाषा कळणार नाही, आणि तेच हवं आहे. ही माणसं डोंगरी बोलीत बोलतात, अनेकांच्या तोंडात दात नाहीत, शब्द अर्धे हवेत जातात. आवाजाचा पोत कानात बसू द्या. मग सुरुवातीला परत जा आणि उपशीर्षकांसह सगळा पाहा.

काय पाहायचं? यातला एक माणूस गुडघ्यांवर चालतो. पाय निकामी झालेले. त्याने स्वतःचं घर स्वतः बांधलं आहे. कॅमेरा त्याच्या उंचीला उतरतो; वरून खाली पाहत नाही. दुसरा एक म्हातारा डोंगरातल्या झोपडीत बसून अवकाशयानांचा आणि चंद्राचा विचार करतो. बाहेर गुरं, आत ग्रहगोल. त्याच्याकडे पाहून हसू येतं, पण ते हसू त्याच्यासोबतचं आहे आणि हानाकने ते जिवापाड जपलेलं आहे. मला या चित्रपटातलं सर्वांत मोठं कौशल्य हेच वाटतं. गरिबीचं प्रदर्शन कुठे नाही, आणि 'जुनं ते सोनं' असा उमाळाही नाही. या माणसांना आयुष्यात सर्वांत मोलाचं काय, असं विचारलं जातं. त्या प्रश्नानंतरच्या शांततेत रिमोटला हात लावू नका.

आता वहीत लिहा. बनला: 1972. दिसला: 1988. त्याच्यावर ठपका होता कुरूपता दाखवल्याचा. सरकारी चित्रात म्हातारा शेतकरी म्हणजे सामूहिक शेतीवर हसतमुख उभा असलेला, पेन्शन मिळणारा, सुखी माणूस. आणि इथे ज्यांच्यापर्यंत ते नवं जग पोहोचलंच नाही अशी माणसं, ज्यांनी त्या जगाकडे काही मागितलंही नाही. घोषणा नाही, टीका नाही, एकाही पुढाऱ्याचं नाव नाही. तरीही सोळा वर्षं कुलूप. आज स्लोव्हाक चित्रपटांच्या इतिहासात या चित्रपटाचं नाव अगदी वरच्या ओळीत घेतलं जातं.

दुसऱ्या दिवशी दुसरा चित्रपट लावू नका. आठवडाभर थांबा. माझ्या बाबतीत असं झालं की त्या आठवड्यात आजोळच्या गावातले, मी ज्यांच्याशी कधी धड बोलले नव्हते असे दोन-तीन म्हातारे चेहरे आठवत राहिले.

दुसरा: 'रुझोव्हे स्नी'

म्हणजे 'गुलाबी स्वप्नं', 1976. आता रंगीत आणि हलकंफुलकं काहीतरी हवं असतं, ते इथे मिळतं. याकुब हा खेड्यातला तरुण पोस्टमन, सायकलवरून हिंडणारा, हातचलाखीचे खेळ करणारा. योलांका ही रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत त्या समाजातली मुलगी. दोघांचं प्रेम, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचा विरोध. गोष्ट आपल्याला इतकी ओळखीची वाटते की पहिल्या वीस मिनिटांत पुढचं सगळं कळलं असं वाटू लागतं. तसं समजून बसू नका.

रोमा माणसांना पडद्यावर आणायचं ते चोर म्हणून नाहीतर नाचगाण्यापुरतं, अशी तोवरची सवय होती. हानाक आणि त्याचा सहलेखक दुशान दुशेक यांनी त्यांना शेजारी म्हणून पाहिलं: भांडणारे, हिशेबी, मायाळू, आपल्या मुलीने बाहेर लग्न करू नये म्हणून हटून बसणारे. भेदभाव कुठून येतो हे पाहताना दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांवर नजर ठेवा.

योलांकाची भूमिका करणारी इव्हा बित्तोव्हा पुढे गायिका आणि व्हायोलिनवादक म्हणून जगभर गाजली. याकुब झालेला युराय न्व्होता पुढे स्वतः दिग्दर्शक झाला.

वहीत या ओळीत दोन्ही तारखा जवळजवळ आहेत. हा चित्रपट वेळेवर लोकांपर्यंत पोहोचला.

तिसरा: 'या मिलुयेम, ती मिलुयेश'

'मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस'. व्याकरणाच्या पुस्तकातल्यासारखं नाव, 1980 चं काम. माझा सर्वांत लाडका, आणि म्हणूनच थोडं सावध करते: पहिला अर्धा तास कदाचित आवडणार नाही. माणसं घाणेरडी दिसतात, सतत पितात, खोल्या कोंदट आहेत.

पिश्ता हा रेल्वेने जाणाऱ्या टपालाची पोती चढवण्या-उतरवण्याचं काम करणारा माणूस. वय उलटून चाललेलं, आईसोबत राहणारा, रूप नाही, प्रेमात नशीब नाही. सोबत काम करणारा त्याचा मित्र व्हिन्सेंट बायकांना सहज आवडणारा. मध्ये व्हिएरा. एवढीच गोष्ट. पण पिश्ताच्या चेहऱ्यावर जे चालतं ते पाहण्यासाठी मी हा चित्रपट किती वेळा लावला ते मोजलेलं नाही. ओशाळलेपण, मग उगाच फुशारकी, मग कुणीतरी गोड बोललं की लहान मुलासारखा उजळणारा चेहरा.

इथे नवख्यांना हमखास अडवणारी एक गोष्ट सांगायला हवी. पिश्ता झालेला रोमान क्वोसोव्हस्की हा पोलिश नट आहे आणि व्हिएरा झालेली इव्हा यानझुरोव्हा चेक. त्या काळच्या तिथल्या चित्रपटांत शेजारच्या देशातले नट घेऊन त्यांना स्लोव्हाक आवाज देण्याची पद्धत होती. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर तुमची प्रत बिघडलेली नाही. पाच-दहा मिनिटांत डोळा सरावतो. '322'मध्येही हे आढळेल.

पाहताना स्वतःला एक प्रश्न विचारा: यात सरकारला खुपण्यासारखं काय होतं? उत्तर शोधायला कथानकात जाऊ नका, भिंतींकडे पाहा. कामगारांच्या राज्यात कामगार सुखी असायला हवा होता. हा कामगार एकटा आहे आणि पितो. एवढं पुरलं. चित्रपट तिजोरीत गेला.

बनला: 1980. दिसला: 1980 चं दशक संपता संपता. आणि या ओळीपुढे एक टीप जोडा: फेब्रुवारी 1989, पश्चिम बर्लिनचा महोत्सव, सर्वोत्तम दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल. नऊ वर्षं जुन्या चित्रपटाला मिळालेलं हे बक्षीस. बर्लिनची भिंत तेव्हा अजून उभी होती.

चौथा: आता '322'

मी जिथे अडखळले तिथे तुम्ही आता तयारीने याल. 1969 चं हे पदार्पण, स्लोव्हाक लेखक यान योहानिडेस याच्या कथेवर आधारलेलं. 322 हा आजारांच्या वर्गवारीतला कर्करोगाशी जोडलेला आकडा. लाउको नावाच्या मध्यमवयीन माणसाच्या कागदावर तो लिहिला जातो. 1950 च्या दशकात शेतकऱ्यांच्या जमिनी सामूहिक शेतीत ओढण्याच्या मोहिमेत लाउकोचा हात होता. आजार म्हणजे त्या दिवसांची शिक्षा, असं त्याला वाटू लागतं.

हे आधी माहीत असलं की तुटक वाटणारी दृश्यं जागेवर बसतात. चित्रपट सरळ रेषेत चालत नाही. शहरातलं चालू जीवन, बातमीपटासारखे तुकडे, लाउकोची भीती, हे सगळं शेजारी शेजारी ठेवलेलं आहे. हानाक प्रागच्या फामू या चित्रपटशाळेत शिकला आणि नंतर ब्रातिस्लाव्हात लघुमाहितीपट करत होता. त्याचा तो माहितीपटी डोळा इथे कथेत घुसलेला दिसतो. लाउकोच्या भूमिकेत व्हात्स्लाव्ह लोह्निस्की हा चेक नट आहे, लोकांना विनोदी कामांसाठी ठाऊक असलेला. अशा चेहऱ्यावर मरणाची भीती ठेवणं ही निवडच किती धाडसी आहे, ते पाहताना कळतं.

जर्मनीतल्या मानहाइम महोत्सवात 1969 मध्येच याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मायदेशात मात्र तो लवकरच पडद्यावरून नाहीसा झाला. वहीत ही ओळ लिहिताना रकाने अपुरे पडतात: बनला, दिसला, पुन्हा दिसेनासा झाला.

पाचवा आणि सहावा

'तिखा रादोस्त्य' म्हणजे 'मूक आनंद', 1985. सोन्या नावाची परिचारिका, तिचा संसार आणि स्वतःसाठी जागा शोधण्याची तिची धडपड. भूमिका माग्दा व्हाशारिओव्हाची. पुढे हीच अभिनेत्री राजदूत झाली आणि 1999 मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढली. घरात राहूनही एकटं पडलेल्या बाईवर इतक्या हळुवारपणे केलेलं काम त्या काळात विरळाच. बाकीच्यांपेक्षा हा शांत आहे, म्हणून थकलेल्या संध्याकाळी लावू नका.

'सुक्रोम्ने झिवोती', 'खाजगी आयुष्यं', 1990. वेळ कमी असेल तर सातांतला हा एकच नंतरसाठी ठेवायला हरकत नाही.

सातवा: 'पापियेरोव्हे ह्लावी'

'कागदी डोकी', 1995. 1945 ते 1989 या काळातली सत्ता आणि तिच्या हाताखालची माणसं, हा या माहितीपटाचा विषय. जुन्या बातमीपटांतल्या मिरवणुका, झेंडे, टाळ्या. त्याला लागूनच तुरुंग भोगलेल्या माणसांच्या साक्षी. आणि मधून मधून कागदाच्या लगद्याची भलीमोठी डोकी घालून रस्त्यात फिरणारे लोक.

हा सर्वांत शेवटी पाहा असं मी आग्रहाने सांगते. अनेक जण उलटं सुचवतात: आधी हा पाहा, म्हणजे इतिहास कळेल. इतिहास कळतो, हे खरं. पण मग पिश्ता आणि ते डोंगरातले म्हातारे त्या इतिहासाचे नमुने होऊन बसतात. शेवटी पाहिला की उलट घडतं. टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीचं जुनं चित्रण येतं आणि त्या गर्दीत आपण लाउकोला शोधू लागतो.

तुरुंगातल्या साक्षी ऐकणं जड जातं. मधे थांबून पाणी प्या, उठून फिरा, पण त्याच दिवशी पूर्ण करा.

वही भरल्यावर

आता रकाने वरपासून खालपर्यंत वाचा. 1969, 1972, 1976, 1980, 1985, 1990, 1995. दोन चित्रपटांच्या मधली अंतरं बघा: तीन वर्षं, मग चार, चार आणि पुढे दर वेळी पाच. या फटींमध्ये न झालेले चित्रपट आहेत. कुणी विचारलं की हानाकने इतकं कमी काम का केलं, तर ही वही पुढे करा.

सात संपल्यावर लघुपटांकडे वळा. 'देन्य रादोस्ती', 'आनंदाचा दिवस', 1971 चा. ओराव्हा भागातल्या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेला निरोप देण्यासाठी आलेक्स म्लिनार्चिक या कलावंताने गावकऱ्यांसोबत एक जत्राच भरवली होती, तिचं हे चित्रण. 'ओब्राझी' करण्याच्या एकच वर्ष आधी, त्याच डोंगराळ मुलखात हानाक इतका मोकळेपणाने हसत होता, हे पाहून बरं वाटतं.

त्यानंतर त्याच्या पिढीतले इतर. हानाक, युराय याकुबिस्को आणि एलो हाव्हेत्ता हे तिघेही 1938 चे, तिघेही फामूत शिकलेले. याकुबिस्कोचा चित्रपट रंगांचा आणि वेडाचा. 1969 चा 'व्ह्ताच्कोव्हिया, सिरोती आ ब्लाझ्नी', म्हणजे 'पाखरं, पोरकी आणि वेडे', हाही तिजोरीत गेलेला. हानाकच्या लगेच पाठोपाठ पाहिलात तर डोळे दिपतील, म्हणून मधे पंधरा दिवस जाऊ द्या. त्यांच्याआधीचा श्तेफान उहेर. त्याच्या 1962 च्या 'स्ल्न्को व्ह सिएती'पासून, म्हणजे 'जाळ्यातला सूर्य'पासून, या साऱ्या लाटेची सुरुवात धरतात.

आणि हाव्हेत्ता. त्याचे पूर्ण लांबीचे दोनच चित्रपट, 1969 आणि 1972. 1975 मध्ये तो गेला, छत्तीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी वहीत नवं पान काढा. दोन ओळी लागतील.